शेरीफला मत देण्याआधी तुरुंगाचं विचारा

2026 मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत काउंटी शेरीफच्या निवडणुका आहेत. नॉर्थ कॅरोलायनात तर शंभरच्या शंभर काउंट्यांत. कॅरी-मॉरिसव्हिलपासून शिकागोच्या उपनगरांपर्यंत आपली माणसं आता मतदार झाली आहेत, त्यामुळे शेरीफ कोण असावा यावर महाराष्ट्र मंडळाच्या कट्ट्यावर आणि व्हॉट्सॅपवर जोरात बोलणं चालू असतं. ते ऐकलं की तीन गट दिसतात. पहिला गट एकच गोष्ट विचारतो: हा शेरीफ ‘आइस’ला, म्हणजे स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्यांना, माणसं पकडून देणार की नाही? दुसरा गट नावापुढचं पक्षाचं अक्षर (डेमोक्रॅटचं ‘डी’ की रिपब्लिकनचं ‘आर’) बघतो आणि मोकळा होतो. तिसरा गट आपल्यात जरा जास्तच मोठा आहे. त्याचं म्हणणं, पोलीस अधिकारी कधी निवडून देतात का, हा प्रकारच मुळात खुळचट आहे, म्हणून तो रकाना कोरा सोडावा.

माझ्या मते तिघेही चुकीच्या जागी भांडताहेत. अमेरिकेतल्या बहुतेक काउंट्यांत शेरीफच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काउंटीचा तुरुंग. त्या तुरुंगात कोण मरतो, कोणाला औषध मिळतं, कोण किती दिवस खितपत पडतो, हे ज्या एका माणसावर इतर कोणाहीपेक्षा जास्त अवलंबून असतं, त्याला आपण सहसा चार वर्षांसाठी निवडून देतो आणि त्याच्या तुरुंगाबद्दल एक शब्द विचारत नाही. मत तुरुंगावर द्यावं. आणि हा माणूस बिघडला तर त्याला आवरणार कोण, हेही मत देण्याआधीच बघून ठेवावं.

आधी शेरीफ म्हणजे काय ते. आपल्या डोक्यात मुंबईचे शेरीफ असतात, म्हणजे नगरपाल. डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा शेरीफ झाले, पुढे दिलीपकुमार झाले, सुनील गावस्कर झाले. मानाचं पद, वर्षाची मुदत, समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची. (त्या कार्यालयाला उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून जहाजं जप्त करण्याचं काम अजूनही आहे, पण ते कोणाच्या गावी नसतं.) अमेरिकेतल्या शेरीफचं याच्याशी नातं आहे ते फक्त इंग्लंडातल्या समान पूर्वजापुरतं. इथला शेरीफ म्हणजे आपल्याकडचा जेलर, बेलिफ आणि ग्रामीण भागातला ठाणेदार हे तिघं एका माणसात. शहरांच्या हद्दीबाहेरची गस्त त्याची, कोर्टाची सुरक्षा त्याची, समन्स बजावणं, घर रिकामं करून घेणं, कर्ज थकलेल्या घराचा लिलाव पुकारणं त्याचं. आणि तुरुंग त्याचा.

हे सगळीकडे सारखं नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. कनेक्टिकटने 2000 साली काउंटी शेरीफचं पदच रद्द केलं. न्यू जर्सीत मुदत तीन वर्षांची, मॅसॅच्युसेट्समध्ये सहा. न्यू जर्सीतलं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येतं तिथे तुरुंग शेरीफकडे नाही, काउंटीच्या वेगळ्या विभागाकडे आहे. त्याच राज्यातल्या बर्गन काउंटीत मात्र तो शेरीफकडे आहे. उलट कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनो आणि साराटोगा या शहरांना स्वतःचं पोलीस खातंच नाही. त्यांनी सँटा क्लारा काउंटीच्या शेरीफशी करार करून पोलिसी काम त्याच्याकडे दिलंय. म्हणजे कूपर्टिनोत रात्री तुम्ही 911 फिरवलं तर दारात येतो तो शेरीफचा डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचा पोलीस, आणि शेजारच्या सनीव्हेलमध्ये फिरवलं तर शहराचा माणूस. दोघांचेही मतदार शेरीफसाठी एकच मतपत्रिका भरतात. आपल्या काउंटीत शेरीफ नेमकं काय करतो हे माहीत नसताना त्याच्या धोरणावर तावातावाने बोलण्यात काय हशील?

तुरुंगावर एवढा भर का? अमेरिकेत कोणत्याही एका दिवशी काउंट्यांच्या आणि शहरांच्या तुरुंगांत साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात, आणि वर्षभरात आत जाण्याच्या नोंदी सत्तर लाखांच्या वर होतात. शिक्षा झालेले, वर्षानुवर्षं आत राहणारे कैदी बहुतेक राज्य किंवा केंद्र सरकारच्या कारागृहांत असतात. काउंटीच्या तुरुंगातल्या दहांपैकी सुमारे सात जणांवर गुन्हा शाबितच झालेला नसतो. आपल्या भाषेत हे कच्चे कैदी. भारतात चारांपैकी तीन कैदी कच्चे असतात म्हणून आपण हळहळतो, आणि इथे आल्यावर समजूत करून घेतो की हा प्रश्न मागे राहिला.

आणि हे कच्चे कैदी म्हणजे कोणी परके नव्हेत. नवरा-बायकोचं भांडण वाढलं, कोणीतरी 911 ला फोन लावला, तर अनेक राज्यांत पोलिसांना एकाला अटक करावीच लागते. पार्टीहून परतताना दोन पेग जास्त झाले तरी तेच. अशा वेळी साहेब असोत की सॉफ्टवेअरवाले, पट्टा, बुटांच्या नाड्या, अंगठी, फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत जातात, बोटांचे ठसे घेतले जातात आणि एक डेप्युटी यादीतले प्रश्न वाचायला लागतो: कोणती औषधं चालू आहेत? जीव द्यावासा वाटतो का? दारू शेवटची कधी घेतली? इन्सुलिनवर असलेल्या माणसाचं ‘हो’ नीट लिहून घेतलं गेलं का, लिहिलेलं नर्सपर्यंत पोचलं का, शनिवार-रविवारी नर्स होती का, यावर तो सोमवारी न्यायाधीशापुढे चालत जाणार की नाही हे ठरतं. या साखळीतला प्रत्येक दुवा शेरीफच्या कारभारातला आहे.

आता पहिल्या गटाचा मुद्दा. तो हलका नाही, हे आधीच मान्य करतो. केंद्र सरकारशी 287(जी) नावाचा करार केला की शेरीफचे डेप्युटी स्थलांतर खात्याचं काम करू शकतात, आणि 2025 पासून असे करार भराभर झाले आहेत. ज्यांचं कुटुंब व्हिसाच्या रांगेत उभं आहे त्यांना ही भीती वाटणं साहजिक आहे. ज्यांना कायदा मोडून आलेल्यांचा राग आहे त्यांनाही आपला शेरीफ काय करतो हे विचारायचा हक्क आहे.

पण प्रचारात जेवढं दाखवतात तेवढं हे शेरीफच्या हातात उरलंय का? जॉर्जियातल्या ग्विनेट काउंटीत 2020 साली कीबो टेलर हा करार मोडण्याच्या आश्वासनावर निवडून आले आणि जानेवारी 2021 मध्ये त्यांनी तो मोडलाही. 2024 मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने कायदा करून शेरीफांवर सहकार्याची सक्ती केली. नॉर्थ कॅरोलायनात वेक आणि मेक्लेनबर्ग काउंट्यांत 2018 साली नेमकं असंच झालं होतं. तिथेही 2024 मध्ये राज्याने गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून सक्तीचा कायदा आणला. टेक्ससने 2025 मध्ये तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना असे करार करायला लावणारा कायदा केला. कॅलिफोर्नियात गाडी उलट दिशेची: 2017 च्या कायद्याने शेरीफने किती सहकार्य करायचं यावरच मर्यादा घातली. म्हणजे डॅलसच्या बाजूला राहणाऱ्याने ‘नाही करणार’ म्हणणाऱ्याला मत दिलं काय किंवा सॅन होजेत राहणाऱ्याने ‘करणारच’ म्हणणाऱ्याला दिलं काय, मोठा निर्णय ऑस्टिन आणि सॅक्रामेंटो या राज्यांच्या राजधान्यांत आधीच होऊन गेलेला असतो. शिवाय तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणेकडे आपोआप जातात. ते शेरीफ अडवू शकत नाही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

यात एक गंमतही आहे. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. तो खटला कोणी लढवला होता? बंदूक विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचं काम आमच्यावर लादू नका, म्हणणाऱ्या मोंटाना आणि ॲरिझोनातल्या दोन शेरीफांनी. त्यातले रिचर्ड मॅक पुढे ‘काउंटीत शेरीफच सर्वश्रेष्ठ’ असं मानणाऱ्या चळवळीचे नेते झाले. आज स्थलांतर खात्याला नकार देणाऱ्या काउंट्यांचे वकील तोच निकाल दाखवतात. तत्त्व दोन्हीकडचे लोक सोयीप्रमाणे बाहेर काढतात, एवढं लक्षात आलं तरी घराघरांतला निम्मा आवेश उतरेल.

पक्षाच्या अक्षराबद्दल फार बोलायची गरज नाही, बर्गन काउंटीची गोष्ट पुरेशी आहे. मायकेल सॉडिनो रिपब्लिकन म्हणून शेरीफ झाले, 2016 च्या सुरुवातीला डेमोक्रॅट झाले आणि त्याच वर्षी त्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. 2018 मध्ये त्यांच्या खासगी बोलण्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. न्यू जर्सीचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांची नेमणूक त्यांच्या पगडीमुळे झाली, असं ते त्यात म्हणत होते, आणि कृष्णवर्णीयांबद्दल जे बोलले ते त्याहून वाईट होतं. सप्टेंबरात राजीनामा द्यावा लागला. त्या काउंटीत भारतीयांची संख्या चांगली आहे. ‘आपल्या बाजूचा’ म्हणून मत दिलेल्यांना पक्षाच्या अक्षराने काय सांगितलं होतं?

मग येतो ‘कायदा-सुव्यवस्था’. आपल्या लोकांना कडक माणूस आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शिस्त लावणारा अधिकारी ही आपली जुनी हौस आहे. तर कडकपणाचा अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध नमुना बघू. जो आर्पायो ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्समध्ये, सहा वेळा निवडून आले. 1993 मध्ये त्यांनी लष्कराच्या जुन्या तंबूंत तुरुंग उभारला, फिनिक्सच्या उन्हाळ्यात. कैद्यांना गुलाबी अंतर्वस्त्रं दिली, कॉफी बंद केली, आणि या सगळ्याची जाहिरात केली. लोक खूश होते. ‘तुरुंग म्हणजे काय हॉटेल आहे का?’ हा प्रश्न मराठीतही तितकाच टाळ्या घेतो. पण आर्पायोंच्या तुरुंगांत अनेक जण असे होते ज्यांचा खटला अजून उभाही राहिलेला नव्हता.

आणि गुन्हे? बेकायदा स्थलांतरितांच्या शोधात डेप्युटी रस्त्यांवर गाड्या अडवत असताना त्याच खात्यात चारशेहून जास्त लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींचा धड तपास झाला नव्हता, हे पुढे उघड झालं. ज्या खटल्याने आर्पायोंना खाली खेचलं त्यातला मूळ फिर्यादी वैध व्हिसा घेऊन आलेला मेक्सिकन पर्यटक होता. कागद खिशात होते, तरी त्याला अडकवून ठेवलं. ‘आपले पेपर क्लीन आहेत, आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. 2013 मध्ये न्यायालयाने वंशावरून माणसं अडवल्याचा ठपका ठेवला. न्यायालयाचे आदेश पाळले नाहीत म्हणून 2017 मध्ये आर्पायो फौजदारी अवमानासाठी दोषी ठरले आणि महिन्याभरातच त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. माफी त्यांना मिळाली, बिल करदात्यांना. काउंटीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्या एका खटल्याच्या अंमलबजावणीवर तिने 20 कोटी डॉलरच्या वर खर्च केला आहे, आणि तो आर्पायो गेल्यानंतरही थांबला नाही. कडक शेरीफ स्वस्त असतो ही समजूत मालमत्ता कर भरणाऱ्याने तरी सोडून द्यावी.

अलाबामात त्याहून साधा प्रकार चालायचा. जुन्या कायद्याप्रमाणे कैद्यांच्या जेवणासाठी आलेल्या पैशातून जे उरेल ते शेरीफ स्वतःच्या खिशात घालू शकत असे. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने ट्रकभर कॉर्न डॉग (मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज) स्वस्तात मिळवले आणि कैद्यांना आठवडेच्या आठवडे तेच खायला घातले. तीन वर्षांत 2 लाख 12 हजार डॉलर वाचवून खिशात टाकले. 2009 मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने त्याला एक रात्र कोठडीत ठेवलं तेव्हा जरा शुद्ध आली. एटोवा काउंटीच्या शेरीफने याच मार्गाने साडेसात लाखांच्या वर कमावल्याचं 2018 मध्ये बाहेर आलं. समुद्रकिनाऱ्यावरचं त्याचं घर वर्तमानपत्रांत झळकलं, आणि पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी त्याला घरी बसवलं. पुढच्या वर्षी कायदा बदलला. जेवणाचा हिशेब कोणी मागेपर्यंत या दोघांपैकी कोणीही मतदारांना वाईट शेरीफ वाटला नव्हता.

‘निदान अनुभवी पोलीस तरी असावा’ हा युक्तिवाद मला बराच काळ पटणारा वाटे, आणि गस्तीपुरता तो आजही बरोबर आहे. मोठ्या खात्याला गणवेशाची जाण नसलेला प्रमुख मिळाला तर हाताखालचे त्याला गुंडाळून ठेवतात. पण तुरुंग चालवणं म्हणजे चोर पकडणं नव्हे. मायकेल हेनेसी हे कैद्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील होते. 1980 ते 2012 अशी 32 वर्षं ते सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ होते. त्यांच्या काळात तुरुंगात चक्क शाळा निघाली, जिथे कैदी माध्यमिक शिक्षणाचं प्रमाणपत्र मिळवू शकत. कॅलिफोर्नियाने नंतर कायदा करून पोलिसी अनुभव बंधनकारक केला. म्हणजे हेनेसींसारखा उमेदवार आज अर्जसुद्धा भरू शकणार नाही. शिकागोच्या कुक काउंटीचे टॉम डार्ट हेही मूळचे सरकारी वकील आणि आमदार. 2008 च्या आर्थिक संकटात त्यांनी घरं रिकामी करून घेण्याचं काम काही काळ सरळ थांबवलं, कारण वेळेवर भाडं भरणाऱ्या भाडेकरूंना घरमालकाच्या थकलेल्या कर्जापायी रस्त्यावर काढलं जात होतं. 2015 मध्ये त्यांनी तुरुंगाची सूत्रं एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या हाती दिली. तिथल्या कोठड्यांत मनोरुग्णच इतके असतात, की हा निर्णय विक्षिप्त नव्हता, हिशेबी होता.

आता तिसरा गट, ज्याच्याशी माझा खरा वाद आहे. ‘पोलिसाला निवडणूक कशाला’ याच्या बाजूने बळकट मुद्दे आहेत. निवडून आलेला शेरीफ देणगीदारांचा मिंधा होतो. मतदारांना शेरीफच्या कामाचं काहीच कळत नाही, म्हणून जो खुर्चीत आहे तोच जिंकत राहतो. लॉस एंजेलिस काउंटीत 2018 पर्यंत शंभराहून अधिक वर्षांत एकही विद्यमान शेरीफ हरला नव्हता. इंग्लंड आणि वेल्सने 2012 मध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणारे आयुक्त निवडून द्यायला सुरुवात केली. पहिल्याच निवडणुकीत जेमतेम 15 टक्के मतदान झालं आणि न्यूपोर्टमधल्या एका केंद्रावर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. ते पद आता 2028 मध्ये गुंडाळायचं ठरलंय.

हे सगळं खरं धरूनही विचारतो: नेमलेला अधिकारी कोणाला उत्तर देतो? याचं उत्तर पुण्याला शिकवायची गरज नाही. घाशीराम कोतवाल निवडून आलेला नव्हता, नाना फडणविसांनी नेमलेला होता. नानांची मर्जी होती तोवर शहराच्या तक्रारींना कवडीची किंमत नव्हती. 1791 च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी धरून अरुंद कोठड्यांत कोंबलं आणि एका रात्रीत वीसच्या वर माणसं गुदमरून मेली. आजच्या भाषेत कोठडीतले मृत्यू. त्यानंतर लोकांपुढे मार्ग कोणता होता? अर्ज, अपील, मुदत संपण्याची वाट, यातलं काहीच नव्हतं. जमाव जमला, नानांना हात काढून घ्यावा लागला आणि कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. अधिकाऱ्याला काढायची रीतसर सोय नसली की बेरीतसर सोय होते, आणि तीत न्याय कमी, सूड जास्त असतो. आजच्या महाराष्ट्रातही बदल्यांचा बाजार कसा चालतो ते आपण जाणतो. पोलीस अधिकाऱ्यांना किमान मुदत द्या, बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगून झालं. नेमणुकीची पद्धत आपोआप स्वच्छ असती तर न्यायालयाला हे सांगावं लागलं नसतं.

निवडणुकीने काय होऊ शकतं याचा पुरावा अलाबामातल्या सेल्मात आहे. 7 मार्च 1965 ला मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चावर पुलापाशी जो हल्ला झाला त्यात राज्याच्या पोलिसांबरोबर तिथल्या डॅलस काउंटीचा शेरीफ जिम क्लार्क याची टोळी होती. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला, हजारो कृष्णवर्णीयांची नावं यादीत आली, आणि 1966 मध्ये त्याच लोकांनी क्लार्कला पाडलं. शेजारच्या राजधानीतून कोणी त्याची बदली केली नव्हती, कोणी करणारही नव्हतं. त्याच वर्षी मेकन काउंटीत ल्यूशियस अमर्सन शेरीफ म्हणून निवडून आले, यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेतले पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. ‘खुळचट प्रकार’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ओलांडून दाखवावा.

तरीही निवडणूक एकटी पुरत नाही. सँटा क्लारा काउंटीत 2015 साली तुरुंगातला एक मनोरुग्ण कैदी मारहाणीत मेला. उपचारकेंद्रात जागा होण्याची वाट बघत तो आत होता. तीन डेप्युटींवर खुनाचा खटला चालला. तीन वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच काउंटीने शेरीफ लॉरी स्मिथ यांना पुन्हा निवडून दिलं. भारतीय आणि सुशिक्षित मतदारांनी भरलेली, दर माणशी पदव्या मोजल्या तर देशात वरच्या रांगेत बसणारी ही काउंटी! त्याच वर्षी त्याच तुरुंगाच्या गाडीत आणखी एका मनोरुग्णाने स्वतःचं डोकं आपटून घेतलं, वेळेवर मदत मिळाली नाही, मेंदूला कायमची इजा झाली आणि काउंटीने त्याच्या कुटुंबाला 1 कोटी डॉलर दिले. स्मिथ यांच्यावर गंडांतर आलं ते शेवटी बंदुकीच्या परवान्यांवरून. ओळखीपाळखीच्या बड्यांना परवाने मिळत, सामान्यांचे अर्ज धूळ खात पडत. आइस हॉकीच्या सामन्याला मिळालेला आलिशान कक्ष भेट म्हणून जाहीर केलेला नव्हता. 2021 च्या अखेरीस नागरी ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक सरकारचा कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या समितीने, आरोप ठेवले. खटला ज्युरीकडे गेला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, कारण या खटल्यात शिक्षा एकच होती, पदावरून काढणं. नोव्हेंबर 2022 मध्ये ज्युरीने सहाही आरोपांवर दोषी ठरवलं. काढायला खुर्चीत कोणी उरलंच नव्हतं.

अशा वेळी त्याच राज्यातल्या इतर काउंट्यांनी काय केलं ते महत्त्वाचं आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 2022 मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाला, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला, अधिकार दिला, की सबळ कारण असेल तर पाचांपैकी चार मतांनी शेरीफला काढता येईल. सॅन मटेओ काउंटीत शेरीफ क्रिस्टिना कॉर्पस यांच्या कारभारावर निवृत्त न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल यांचा चारशेहून जास्त पानांचा अहवाल आला, तेव्हा मार्च 2025 मध्ये विशेष निवडणूक घेऊन तसाच अधिकार मागितला गेला आणि मतदारांनी तो प्रचंड बहुमताने दिला. ऑक्टोबरात मंडळाने कॉर्पस यांना काढलं. सुनावणी झाली, बाजू मांडायची संधी मिळाली. मला निवडणुकीला जोड हवी आहे ती अशी. निवडणूकच नको म्हणणाऱ्यांसाठी मायामी-डेडचं उदाहरण आहे: भ्रष्टाचाराला कंटाळून 1966 मध्ये त्यांनी निवडून द्यायचा शेरीफ काढून टाकला, 2018 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी तो परत आणला आणि 2024 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. पद काढल्याने प्रश्न सुटतो असं तिथल्या लोकांना अर्ध्या शतकात काही पटलं नाही.

यावर कोणी म्हणेल, कामधंदा सोडून तुरुंगाची माहिती कुठे शोधत बसायची? फार शोधावी लागत नाही. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीच्या नागरी ग्रँड ज्युरीला आपल्या हद्दीतल्या तुरुंगांची दरवर्षी चौकशी करावी लागते, आणि तिचे अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात. टेक्ससमध्ये तुरुंगांच्या दर्जावर देखरेख करणारा राज्य आयोग निकषांत नापास झालेल्या तुरुंगांची यादी संकेतस्थळावर लावतो. इतरत्र पर्यवेक्षक मंडळाच्या बैठकांचे कागद असतात, त्यांत कोणत्या खटल्यात किती रक्कम देऊन तडजोड झाली हे लिहिलेलं असतं. उमेदवार आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात येतात, समोसे खातात, ‘नमस्ते’ म्हणतात आणि फोटो काढतात. त्या वेळी माइक हातात आला, तर गेल्या चार वर्षांत तुमच्या तुरुंगात किती माणसं मेली, रात्री किती नर्स असतात, वैद्यकीय सेवेचं कंत्राट कोणाकडे आहे आणि कैद्याच्या फोनच्या पैशातून काउंटी किती टक्के घेते, एवढं विचारावं. उत्तर आकड्यात आलं की ‘मी माहिती काढून सांगतो’ असं आलं, यावरून बराच निवाडा होतो. चालू शेरीफ असेल तर दुसऱ्या उत्तराला माफी नाही.